आजारखोलीतल्या खाटेची कुरकुर

मित्रांनो, आधी नीट बसा. पाठ ताठ, पाय जमिनीवर, आणि मुठीत जे काही लपवले आहे ते बाजूला ठेवा. माझ्या वयाच्या बाईसमोर बसण्याची ही रीत आहे. बसलात? मग ऐका.

मी एक जुनी लोखंडी खाट आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे सुरुवातीलाच सांगून ठेवते. शाळेच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून, एका खिडकीची जी अरुंद खोली आहे तिच्यात मी राहते. सगळे तिला सिक रूम म्हणतात. मी आजारखोली म्हणते, कारण खोली माझी आहे आणि तिचे नाव मी ठेवणार.

ज्या कारागिराने माझे सांधे जोडले तो अबोल होता, पण हाताचा पक्का. पांढरा रंग देण्यापूर्वी तो स्वतः माझ्यावर बसला, दोनदा उसळला आणि शेजारच्याला म्हणाला, "ही आपल्याला पुरून उरेल." त्याचे शब्द खरे ठरले. माझी उमेदीची वर्षे एका इस्पितळात, मुलांच्या कक्षात गेली. माणूस ओळखायला मी तिथे शिकले. खाटेला त्यासाठी डोळे लागत नाहीत, तिला वजन कळते. तापातल्या मुलाचे वजन एका जागी ठरत नाही. बरे होत आलेले मूल अंग सैल सोडून ऐसपैस पसरते. आणि भ्यालेले मूल खाटेवर निजतच नाही. ते खाटेवर वाट पाहत असते. हा शेवटचा धडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पुढे इस्पितळात दांडा फिरवून वरखाली होणाऱ्या नव्या खाटा आल्या. कानामागून आल्या आणि तिखट झाल्या! मला मागच्या दाराने बाहेर काढले आणि या शाळेने मला आणले. मला तेव्हा फार अपमान वाटला. रोग्यांची सेवा केलेली मी, आणि इथे माझ्या नशिबी गुडघे फुटलेली कार्टी!

पण शाळेनेही मला मान दिला. माझ्या उशाशी औषधांचे कपाट आले, दांडीला पट्ट्या ठेवायचा पत्र्याचा ट्रे टांगला गेला, आणि शाळेच्या परिचारिका, ज्यांना सगळे सिस्टर म्हणतात, त्या रोज सकाळी मला पुसू लागल्या. सिस्टर अंगाने चांगल्या भरलेल्या. दारात उभ्या राहिल्या की खोलीत उजेड येत नाही, अशी मुलांची थट्टा. त्यांच्या देखरेखीखाली मी किती पोटदुख्या पाहिल्या म्हणून सांगू! पोटदुखी ही शाळेतली सर्वांत शिस्तीची व्याधी आहे. ती वेळापत्रक पाहून येते आणि गणिताचा तास संपला की आपल्या पायांनी निघून जाते. अशी ढोंगी मुले माझ्यावर धाडकन पडत, पाय हलवत, छताकडे पाहत गाणी म्हणत. त्यांच्यातल्याच एका आडदांड मुलाने माझ्यावर उड्या मारून उशाकडचा एक सांधा ढिला केला. तेव्हापासून नुसती कूस बदलली तरी मी कर्र वाजते.

"ही खाट नाही, सासू आहे," सिस्टर म्हणायच्या. "जरा हललं की बोललीच."

ही तक्रार होती की कौतुक, हे मी कधी विचारले नाही. मी ते कौतुक म्हणून ठेवून घेतले.

आजारखोलीच्या भिंतीवर तेव्हा मोठ्या अक्षरांत एक नियम रंगवलेला होता: "आजारी मूल, घरी फोन, मूल घरी." कधी काळी एक तापलेला मुलगा संध्याकाळपर्यंत इथेच पडून राहिला होता आणि त्याच्या आईने शाळा डोक्यावर घेतली होती, म्हणून तो नियम झाला. नियम चांगला होता. चांगल्या नियमाची हीच तर भीती असते, मित्रांनो. तो पाळताना कुणी विचार करत नाही.

आणि मग चौथीतली ती मुलगी आली. सगळे तिला मुंगी म्हणत, कारण ती नेहमी भिंतीला हात लावून, भिंतीच्या कडेकडेने चाले. तिचे वडील हयात नव्हते. आई दूरच्या शहरात नोकरी करत होती आणि ही काकाच्या घरी राहत होती. उकाड्यातही अंगात लांब बाह्यांचा स्वेटर. पोट दुखते म्हणून ती आली. कपाळ थंडगार. आणखी एक ढोंगी, असे म्हणून मी वाजण्याच्या तयारीत राहिले.

मी वाजले नाही.

त्या पोरीने आधी एक गुडघा टेकला, मग श्वास रोखून कोपर, मग दुसरा गुडघा. आणि मांजरीलाही जमणार नाही इतक्या अलगद ती पालथी झाली. पालथीच. पाठीवर ती कधी निजली नाही. आणि पुढच्याच क्षणी अशी गाढ झोपली की झोपायलाच आली होती जणू. झोपेतही तिने कूस बदलली नाही. माझा सांधा गप्प राहिला. आधी मला वाटले की या मुलीला चांगले वळण आहे. पण ती पुन्हा आली, पुन्हा पुन्हा येत राहिली, आणि माझ्या लोखंडाला हळूहळू घोर लागला. इतके मुके राहणे मुलाला आपोआप येत नाही. ते कुणीतरी शिकवावे लागते.

सिस्टर दर वेळी भिंतीवरच्या नियमाप्रमाणे घरी फोन करत आणि दर वेळी काका घ्यायला येई. तो वायरमन होता. हसतमुख, गोड बोलणारा, शाळेच्या अडीअडचणीला धावून येणारा. माझ्या डोक्यावरचा पंखासुद्धा त्यानेच बसवून दिलेला. त्याची मोटारसायकल फाटकाशी येण्याआधीच, कुणालाही काही ऐकू येण्याआधीच, माझ्यावर निजलेली ती मुलगी जागी होई. तिचे काळीज माझ्या लोखंडी पट्ट्यांवर थाडथाड आपटे. बाहेर सिस्टर म्हणत, "असा काका मिळायला नशीब लागतं गं!" आणि तो तिचे दप्तर आपल्या खांद्यावर घेऊन तिला घेऊन जाई.

एकदा जाता जाता त्याने हाताने दाबून माझा सांधा वाजवून पाहिला. "फार कुरकुरते हो ही, सिस्टर. एक दिवस येतो नि तेल घालून देतो. एकदम गप्प होईल."

"घाला की," सिस्टर म्हणाल्या. "माझे कान तरी सुटतील."

त्या दिवसापासून मला झोप नाही. माझ्याजवळ एकच भाषा होती, आणि ती मुलगी मला नेमकी तीच बोलू देत नव्हती. आता ती भाषाही जाणार होती. सिस्टरना मी कसे सांगू, की बाई, ही पोर आजारी नाही, ही इथे लपायला येते. आणि तुम्ही मायेने तिला ती जिथून पळून आली तिथेच परत पाठवता?

मग तो दिवस उजाडला. मुंगी वर्गात बाकावरच पेंगून खाली घसरली, म्हणून वर्गशिक्षक सरांनी तिला धरून आणले आणि ते तसेच परत गेले. ती नेहमीसारखी, आवाज न करता पालथी झाली. सिस्टर थर्मामीटर घेऊन माझ्या कडेवर टेकल्या, आणि मी खोलीभर कर्र केले.

"बघ!" सिस्टर हसल्या. "मी टेकले की बोंबलते, आणि तुझ्यासमोर कशी मूग गिळून बसते! काय लाच देतेस गं हिला?"

मुलगी हसली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला. "मी नाही केला आवाज," ती घाईघाईने म्हणाली.

"अगं, केला असतास तरी काय बिघडलं असतं?"

सिस्टर क्षणभर तिच्याकडे पाहत राहिल्या. मग सवयीने त्यांचा हात फोनकडे गेला. "बरं, पड तू. घरी फोन करते हं."

मित्रांनो, त्या वाक्यासरशी ती मुलगी थरथरू लागली. अंग दाबून, ओठ आवळून तिने ती थरथर आवरण्याचा प्रयत्न केला. पण माणसाला फसवता येते, लोखंडाला नाही. तिचा थरकाप माझ्या पट्ट्यांतून दांडीत उतरला आणि दांडीला टांगलेला पत्र्याचा ट्रे किणकिणू लागला. सिस्टरनी मान वळवली. ट्रेकडे पाहिले. मग त्यांनी आपला तळवा माझ्या दांडीवर ठेवला, आणि तो तिथेच राहिला. मी आयुष्यात कुणाला काही सांगितले असेल तर ते त्या क्षणी.

सिस्टरनी फोन खाली ठेवला. "हे बघ, ठेवला. नाही करत."

त्या उठल्या. स्टूल ओढून माझ्याजवळ अशा बसल्या की त्यांचे डोके मुलीच्या डोक्याहून खाली आले. स्वेटर वर करून पाहिला नाही. प्रश्नांची फैर झाडली नाही. नुसत्या म्हणाल्या, "तुला काही सांगावंसं वाटलं तर मी ऐकतेय. नाही वाटलं तरी मी इथेच आहे."

मग उशीतून बारीक आवाज आला. "तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?"

सिस्टरच्या ओठांवर "नाही गं राणी" आलेच होते. मला ते ऐकू येण्याइतके जवळ आले होते. फुटलेल्या काचा, हरवलेले डबे, अशी किती गुपिते त्यांनी त्याच शब्दांवर पोटात घातली होती. पण या वेळी त्यांनी ते शब्द गिळले.

"असं वचन मी तुला देणार नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "खोटं वचन होईल ते. ज्यांना सांगितल्याशिवाय तुला मदत होणार नाही, त्यांना मला सांगावं लागेल. फक्त त्यांनाच. आणि कुणाला सांगतेय ते आधी तुला सांगेन."

मला वाटले, संपले. आता ही पुन्हा मिटेल. पण मुलांना खरे बोलणारा माणूस कळतो. तिने तोंड उशीत ठेवूनच सांगितले, "काका मारतात. आवाज केला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात."

एवढेच. सिस्टरनी स्टूल आणखी जवळ ओढले. "तू सांगितलंस, फार चांगलं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी काही चूक नाही. आता मी मोठ्या बाईंना सांगते."

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. सिस्टर दाराबाहेर गेल्या तोच वर्गशिक्षक सर समोरून आले. "सिस्टर, तुमचा त्रास वाचवला. मीच घरी फोन करून टाकला. निघालेत काका."

सर वाईट नव्हते हो! त्यांनी भिंतीवरचा नियम पाळला होता.

व्हरांड्यात मोठ्या बाई आल्या. तिघांची कुजबुज माझ्यापर्यंत येत होती. सिस्टरनी मुलीचे शब्द, एकही न वाढवता, जसेच्या तसे सांगितले.

"काय बोलताय काय!" सर म्हणाले. "देवमाणूस आहे तो. फुकटात पंखा बसवून दिला आपल्याला."

"पंखा फिरतो म्हणून माणूस सरळ?" सिस्टर म्हणाल्या.

"तसं नाही, पण... येतोच आहे ना, समोरासमोर विचारू. तिलाही उभं करू. सोक्षमोक्ष होऊन जाईल."

"तिला त्याच्यासमोर उभं करायचं, सर? आणि मग संध्याकाळी ती कुणाच्या घरी जाणार?"

"शाळेचं नाव..." मोठ्या बाईंनी सुरुवात केली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांच्या मनात आले असेल. कुणाच्या येत नाही? माझ्यावरची मुलगी श्वास रोखून होती. मीही.

"नाही," मोठ्या बाई एकदम म्हणाल्या. आवाज पार बदललेला. "सिस्टर, तिचे शब्द आत्ताच्या आत्ता लिहून ठेवा. तिचेच, तुमचे नाहीत. सर, तुम्ही वर्गावर. शिक्षकांच्या खोलीत एक अवाक्षर नको. मी बालसंरक्षण कार्यालयात फोन लावते."

"पण बाई, खात्री नसताना?" सरांनी विचारले.

"खात्री करणं त्यांचं काम. शंका आली की कळवायचं, ते आपलं. आणि त्याला यातलं काही बोलायचं नाही."

त्या शाळेच्या कचेरीतल्या फोनकडे वळल्या आणि फाटकाशी मोटारसायकल थांबली.

मित्रांनो, पुढचे सांगताना आजही माझे सांधे आखडतात. बुटांचा आवाज व्हरांड्यातून येत राहिला. "कुठाय आमची आजारी राणी?" तोच गोड स्वर. "आणि सिस्टर, आज विसरलो नाही बरं का. खाटेचं तेल आणलंय."

सिस्टर दारात उभ्या राहिल्या. ज्या रुंदीवर शाळा इतकी वर्षे हसली, तिने त्या दिवशी दार पूर्ण झाकले. "तपासतेय तिला. बाईंच्या खोलीत बसा जरा."

"तिला बघतो ना एकदा."

"बसा म्हटलं ना."

तो हसला. मग सिस्टरच्या खांद्यावरून आत पाहत म्हणाला, "काय गं मुंगे, झालं ना पोट बरं? चल, ऊठ."

आणि ती उठली. पण जशी नेहमी उठे तशी नव्हे. गुडघा नाही, कोपर नाही, श्वास रोखणे नाही. दोन्ही हात माझ्यावर आपटून ती सगळ्या वजनानिशी उठून बसली, आणि मी, मित्रांनो, मी असे करकरले की ते शेवटच्या वर्गापर्यंत गेले असेल. तसे मी त्यापूर्वी आणि त्यानंतरही कधी वाजले नाही.

"मला नाही यायचं!"

काकाच्या तोंडावरचे हसू तसेच राहिले. फक्त स्वर एक पायरी खाली उतरला. "आवाज नको," तो म्हणाला.

दोनच शब्द. पण सर वर्गावर गेले नव्हते. ते जिन्याच्या पायथ्याशी घुटमळत होते. 'आवाज केला की पुन्हा पहिल्यापासून' हे मुलीचे वाक्य त्यांनी नुकतेच सिस्टरकडून ऐकले होते, आणि आता त्याचे दुसरे टोक त्यांच्या कानांवर पडले. ते पुढे आले आणि सिस्टरच्या शेजारी उभे राहिले. "चला काका," ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मोठ्या बाई वाट पाहताहेत. चहा सांगितलाय." आणि त्याला घेऊन गेले. देवमाणूस म्हणणारेच घेऊन गेले. दिसते तसे नसते, हे कळायला कुणाला वर्षे लागतात, कुणाला दोन शब्द पुरतात.

तो बाईंच्या खोलीत चहा पीत असतानाच बालसंरक्षण कार्यालयातल्या बाई आल्या. साध्या, थकलेल्या चेहऱ्याच्या, पायांत धुळीच्या चपला. त्याही सिस्टरसारख्या आधी स्टुलावर बसल्या आणि मुंगीला आपले काम काय ते समजावून सांगू लागल्या. पुढचे सगळे कायद्याप्रमाणे झाले. काकाचे काय झाले हे तुम्ही विचाराल. ते ज्यांनी पाहायचे त्यांनी पाहिले, ती मुलांना सांगण्याची गोष्ट नव्हे. मुलगी त्या बाईंबरोबर गेली. जाताना तिने भिंतीला हात लावला नाही. तिचा एक हात सिस्टरच्या हातात होता आणि दुसऱ्यात माझ्या उशीचा अभ्रा. तो आजतागायत परत आलेला नाही आणि मी तो मागितलेलाही नाही.

नंतरचे दिवस मात्र फार वाईट गेले. तिची जागा रिकामी. आम्ही केले ते बरोबर की चूक? पोर कुठे असेल? नव्या घरात कोण असेल? सिस्टर रिकाम्या खोलीत माझ्या कडेवर येऊन बसत, मी कर्र करी, आणि त्या म्हणत, "तूच बोल बाई." एक दिवस त्यांनी पाणी आणि घासणी घेऊन भिंतीवरचा नियम खरवडून काढला. त्या जागी मोठ्या बाईंनी स्वतः लिहिले: "आधी मुलाकडे पाहा. मग फोन."

आता शाळेत नवे शिक्षक आले की मोठ्या बाई त्यांना आधी या खोलीत आणतात. तेव्हा मी मनातल्या मनात जे म्हणते ते तुम्हालाही सांगते. गुरुजनहो, आरडाओरडा करणारे मूल तुमचे लक्ष आपणहून वेधून घेते. जे मूल अजिबात आवाज करत नाही, त्याच्याकडे बघा. त्याचे ऐका, त्याला खोटे वचन देऊ नका, त्याच्याकडून पुरावे मागत बसू नका, आणि ज्यांचे ते काम आहे त्यांना त्याच दिवशी कळवा. आणि मुलांनो, तुम्हाला कुणी मुके राहायला शिकवले असेल, तर ज्या मोठ्या माणसावर तुमचा विश्वास आहे त्याला सांगा. त्याने ऐकले नाही, तर दुसऱ्याला सांगा. ऐकणारे माणूस भेटेपर्यंत सांगत राहा.

हा उपदेश झाला. आता गोष्टीचा शेवट, म्हणजे मग तुम्हाला उठता येईल.

बऱ्याच दिवसांनी, गणिताच्या चाचणीच्या सकाळी, दार आपटून एक मुलगी आत आली. बिनबाह्यांचा झगा, केसांत वाकडी पिन. "सिस्टर, पोट दुखतंय!" म्हणाली आणि धाडकन माझ्यावर पडली. पाठीवर! पाय हवेत, नजर पंख्याकडे. मी अशी काही वाजले की कपाटातल्या बाटल्या हलल्या. तिचे वजन माझ्यावर मजेत पसरले. मित्रांनो, इस्पितळापासूनचा अनुभव पणाला लावून सांगते, त्या पोटात काडीचेही दुखत नव्हते.

सिस्टरनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. "असं? मग घरी फोन करू?"

मी दांडीत जीव गोळा करून वाट पाहिली. ट्रे किणकिणला नाही.

"नको, नको!" आता मावशीच्या घरी राहणारी मुंगी खिदळली. "मावशी मला कानाला धरून चाचणीला बसवेल!"

"मीही तेच करणार आहे. ऊठ, ढोंगी कुठली!"

ती उठली, दोनदा माझ्यावर मुद्दाम उसळली आणि वर्गाकडे पळाली. व्हरांड्याच्या अगदी मधून.

काकाने दारातच मागे ठेवलेले ते तेलाचे डबडे अजून खिडकीत पडून आहे. एक शिपाई ते घेऊन परवा माझ्यापाशी आला होता. सिस्टरनी ते त्याच्या हातातून काढून घेतले. बरे केले. तुम्हीही कुणी मला तेल घालू नका. जा आता, आणि जाताना दार जरा वाजवून लावा.